पातेलं, पेपर आणि पुण्याची ऑफर

वाचकाचं पत्र (थोडं कापून)

आदरणीय मॅडम,

वय ३१, गाव कागल. मुंबईतल्या एका संस्थेत कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करतोय. विषय स्टॅटिक ॲनालिसिस, म्हणजे प्रोग्रॅम न चालवता नुसता वाचून त्यातल्या चुका शोधणारं सॉफ्टवेअर बनवायचं. पाचवं वर्ष संपायला चार महिने राहिलेत, आणि त्याबरोबर महिना ४२,००० ची शिष्यवृत्तीही संपेल. एक पेपर ऊप्सला या आंतरराष्ट्रीय परिषदेत झाला, एक वर्कशॉपमध्ये. तिसरा दोनदा परत आला. दोन्ही वेळा रिव्ह्यूअरचं म्हणणं तेच: पद्धत चांगली आहे, पण चाचण्या सगळ्या ठरावीक बेंचमार्कवर, म्हणजे तयार नमुना प्रोग्रॅमवर, खऱ्या माणसांनी हे वापरल्याचा पुरावा नाही.

माझं टूल सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. नाशिकच्या एका पॉलिटेक्निकमधल्या मॅडमनी ते मुलांच्या असाइनमेंट तपासायला वापरलं आणि मेल केला, की चाळीस प्रोग्रॅमवर दोनशेच्या वर इशारे आले, त्यातले खरे कुठले ते कळत नाही. दोन महिने झाले, उत्तर द्यायचं राहिलंय.

टीए, म्हणजे शिकवायला मदतनीस, म्हणून पहिल्या वर्षाच्या लॅबला जातो. परवा रात्री साडेनऊला एक मुलगा रडकुंडीला आलेला. प्रोग्रॅम चालवला की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मधेच बंद. स्कॅनएफमध्ये, म्हणजे बाहेरून आकडा वाचून घेणाऱ्या आज्ञेत, अँपरसँड (आकडा कुठे ठेवायचा तो पत्ता सांगणारी & ही खूण) विसरला होता. मी म्हटलं, दूधवाल्यापुढे पातेलं धरायचं असतं. तू त्याला पातेल्यात काल काय होतं ते सांगतोयस, मग तो दूध ओतणार कुठे? तो हसला, चूक दुरुस्त केली आणि शेजारच्यालाही समजावली. वर्षभरात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आता अडचण. जिथे इंटर्नशिप केली त्या पुण्याच्या कंपनीने ऑफर दिलीय, तीन महिन्यांत रुजू व्हा म्हणतात. गाइड म्हणतात, परदेशात पोस्टडॉक कर, म्हणजे पीएचडीनंतर काही वर्षं संशोधन. बाबा निवृत्त हायस्कूल शिक्षक, ते म्हणतात गावाजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा निघालीय, प्राध्यापक हो. बायको कोल्हापुरात सरकारी बँकेत आहे, महाराष्ट्रात कुठेही बदली मागता येईल म्हणते, त्यापलीकडे नको. मला तिन्ही कामं जमतात, पण तिन्हीत मी मधलाच. बाबांच्या भाषेत, एक ना धड भाराभर चिंध्या. काय करू? (मला अरे-तुरे केलंत तरी चालेल.)

– मधलाच, मुंबई

उत्तर

अरे-तुरेची मुभा दिलीस ते बरं केलंस. तुझ्या वयाची मुलं माझ्यासमोर बाकांवर बसून गेली आहेत, त्यांना 'आपण' म्हणताना जीभ अडखळते.

बाबांच्या चिंध्यांपासून सुरुवात करू. चिंध्यांची गोधडी होते वगैरे मी सांगणार नाही. गोधडी शिवायला निवांत दुपारी लागतात आणि तुझ्याकडे चार महिने आहेत, त्यातला शेवटचा कंपनीने आधीच मागून ठेवलाय. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. मूळ पत्रात लॅबमधल्या त्या रात्रीला तू अकरा ओळी दिल्यास. ऑफरला दोन. पगाराचा आकडा तर लिहिलाच नाहीस. दहा वर्षांपूर्वीची मी असते तर लगेच म्हणाले असते, बघ, तुझा जीव शिकवण्यात आहे, जा आणि मास्तर हो. आता म्हणत नाही. रात्री साडेनऊला एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून शिकवणं वेगळं, आणि तोच अँपरसँड नोकरीच्या तिसाव्या वर्षी, सत्तर जणांच्या वर्गात, दुपारी जेवणानंतरच्या तासाला शिकवणं वेगळं. मला दुसरंही आवडायचं. सगळ्यांना आवडतं असं नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पेन्सिलीने मी भलतीकडेच खुणा केल्या. लॅबमधला मुलगा, नाशिकच्या मॅडमचा मेल आणि रिव्ह्यूअरचा शेरा. तू हे तीन परिच्छेदांत लिहिलंस: शिकवणं, सॉफ्टवेअर, संशोधन. मला तिन्हीत एकच गोष्ट दिसते.

त्या मुलाचा प्रोग्रॅम तुझ्या टूलला दिला असतास तर टूल काय म्हणालं असतं? 'इनिशियलाइझ न केलेली किंमत पत्ता म्हणून वापरली जाण्याची शक्यता', असंच काहीतरी, ओळ क्रमांक सात. शंभर टक्के बरोबर. आणि त्या मुलाला त्यातलं अक्षरही कळलं नसतं. (जीसीसी या कंपायलरला वॉर्निंग दाखव म्हटलं तर तोही हे ओरडून सांगतो. वाचतो कोण?) तू त्याला ते वाक्य नाही ऐकवलंस. पातेलं म्हणालास. नाशिकच्या मॅडमची तक्रार नेमकी हीच आहे. दोनशे इशारे आले हे त्यांचं दुखणं नाही, त्यातला एकही इशारा माणसाशी बोलत नाही हे दुखणं आहे. आणि रिव्ह्यूअर दोनदा जे मागतोय, खऱ्या माणसांचा पुरावा, तो नाशिकहून तुझ्या इनबॉक्समध्ये येऊन दोन महिने पडलाय!

हे मी हवेत बोलत नाही. तुझ्याच विषयातलं उदाहरण घे. कोव्हेरिटी हे टूल स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून निघालं आणि त्याची कंपनी झाली. त्या मंडळींनी २०१० मध्ये एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या मासिकात आपले अनुभव लिहिले. प्रयोगशाळेतून बाजारात गेल्यावर त्यांना कळलं, की ज्या प्रोग्रामरला इशारा समजत नाही तो त्याला सरळ 'खोटा' ठरवून पुढे जातो. चूक खरी असली तरी! म्हणून समजावून सांगायला अवघड असलेलं काही विश्लेषण त्यांनी चक्क बंद ठेवलं. नवं तंत्र उपलब्ध असताना ते मुद्दाम न वापरायचं, केवळ समोरच्याला कळावं म्हणून. हा शिक्षकाचा निर्णय आहे, आणि घेतला सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी.

तेव्हा पुढच्या सहा आठवड्यांत हे कर. टूलमधले सगळ्यात जास्त वेळा येणारे दहा इशारे निवड आणि ते पातेल्याच्या भाषेत पुन्हा लिही. नाशिकच्या मॅडमना विचार, की पुढच्या असाइनमेंटला अर्ध्या मुलांना जुने इशारे आणि अर्ध्यांना नवे दाखवता येतील का. किती जणांनी कुणाला न विचारता चूक दुरुस्त केली ते मोजायचं. मुलांची लेखी संमती घे, आणि तुझ्या संस्थेच्या एथिक्स कमिटीला आधी कळव, नंतर नाही. एवढ्यावर पुन्हा ऊप्सला मिळेल अशा भ्रमात राहू नकोस. चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे छोटा नमुना आहे. पण भारतात दरवर्षी आयसेक ही सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची परिषद भरते, एसीएम इंडियाची कॉम्प्युट भरते, आणि कॉम्प्युटचा तर विषयच संगणक शिक्षण. तिथे याला जागा आहे. आणि कुठेच छापून आलं नाही तरी थिसिसला शेवटचं प्रकरण मिळेल, ज्यात टूल कुणीतरी हातात घेतलेलं दिसेल.

आता थिसिसबद्दल, आणि इथे मी थोडी कडक बोलणार आहे.

माझ्याबरोबर पीएचडी करणारा एक हुशार मुलगा होता, आमच्यात सगळ्यात हुशार. १९९६ मध्ये दोन प्रकरणं लिहायची राहिलेली असताना त्याने नोकरी धरली. 'शनिवार-रविवार लिहीन' म्हणाला. त्याच्या घरी बूट ठेवायच्या कपाटात वरच्या खणात फ्लॉप्यांचा एक डबा आहे, त्यातल्या एकीवर बॉलपेनने लिहिलंय: 'चॅप ४ फायनल'. ती वाचणारं यंत्र आता त्याच्याकडे नाही आणि मुलीने विचारलं तर तो विषय बदलतो. माणूस पुढे मोठ्या हुद्द्यावर गेला, खाऊनपिऊन सुखी आहे. पण त्या खणाकडे त्याची नजर जाते, मी पाहिलंय.

म्हणून थिसिस जमा केल्याशिवाय मुंबई सोडायची नाही. यात मला वाटाघाट नको.

तिसरा पेपर अडसर आहे का, हे गाइडना सरळ विचार. विचारताना शब्द जपून वापर, पण अर्थ हाच ठेव: सर, हा पेपर थिसिसला लागतो की आपल्या ग्रुपला? यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत थिसिस जमा करण्याआधी पेपर छापून यायलाच हवा ही अट राहिलेली नाही. संस्थांना आपापले नियम करायची मुभा आहे, म्हणून तुझ्या संस्थेची पुस्तिका उघडून बघ. कँटीनमध्ये ऐकलेलं धरून चालू नकोस. ऊप्सलाचा एक पेपर खिशात असलेल्या मुलाला बहुतेक ठिकाणी थांबवत नाहीत. गाइड ऐकत नसतील तर आरपीसीसमोर (तुझी प्रगती तपासणारी समिती) सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसचा सारांश मांडायची, तारीख माग, आणि ती मिनिट्समध्ये लिहून घे. तोंडी तारखा मुंबईच्या पावसात वाहून जातात.

त्याच पेपरबद्दल एक गंमत सांगते. तुझ्या बायोडेटात तू तो 'कॉन्फरन्स' या रकान्यात टाकलायस ना? चूक. ऊप्सलाचे पेपर २०१७ पासून 'प्रोसीडिंग्ज ऑफ द एसीएम ऑन प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस' या जर्नलमध्ये छापले जातात. आपल्याकडे प्राध्यापकांच्या निवडीत यूजीसीचा जो गुणतक्ता वापरतात तो जर्नलला मानतो, कॉन्फरन्सला फारसा विचारत नाही. कॉम्प्युटर सायन्समध्ये उलटं आहे, चांगलं काम आधी कॉन्फरन्सला जातं, हे त्या तक्त्याच्या गावीही नाही. तेव्हा रकाना बदल, व्हॉल्यूम आणि अंक लिही. फुकटचे गुण सोडायला आपण काही संत नाही.

पुण्याच्या ऑफरबद्दल माझं मत: घे. पण आत्ता आहे तशी नको.

तीन महिन्यांत रुजू व्हा म्हणणारी कंपनी सहसा पाच महिन्यांनाही तयार होते, विचारलं तर. ज्या मुलाला त्यांनी इंटर्न म्हणून पारखलंय त्याच्याऐवजी नवा शोधायला त्यांना तेवढाच वेळ लागेल. 'थिसिस जमा केल्यानंतर रुजू होईन, अंदाजे अमुक महिन्यात', असं मेलवर लिही, फोनवर नको. पद काय आहे ते विचार. नुसतं सॉफ्टवेअर इंजिनिअर असेल तर पहिल्या दिवसापासून कुणाच्या तरी बिलेबल प्रोजेक्टवर, म्हणजे ग्राहकाला तासांचं बिल लावायच्या कामावर, बसशील. रिसर्च इंजिनिअर किंवा टूल्स टीम असेल तर गोष्ट वेगळी. पत्राच्या कापलेल्या भागात लिहिलंयस तशी हिंजवडीत दोन वर्षं काढलीयस, मी काय म्हणतेय ते तुला कळेल.

आणि करारातलं बौद्धिक संपदेचं कलम वाच. बारीक अक्षरात असतं. साधारण अर्थ असा, की नोकरीच्या काळात तू जे बनवशील ते कंपनीचं. ठीक आहे. पण तू आधीच बनवलेलं टूल त्या जाळ्यात अडकता कामा नये. बहुतेक करारांना मागे एक परिशिष्ट असतं, आधीच्या कामांची यादी द्यायला. लोक ते कोरं सोडतात. तू सोडू नकोस. त्याआधी एक पाऊल: टूल नेमकं कुणाचं आहे? तुझ्या संस्थेचं आयपी धोरण बघ, कारण शिष्यवृत्तीवर असताना बनवलेल्या सॉफ्टवेअरवर संस्थेचा हक्क असू शकतो. 'खुलं ठेवलंय' म्हणतोस, पण फोल्डरमध्ये परवान्याची फाइल आहे का? परवाना लिहिला नसेल तर कायद्याने ते खुलं नाही, नुसतं उघड्यावर पडलंय. एमआयटी नाहीतर अपाचे परवाना टाक, गाइडच्या लेखी संमतीने, मुंबई सोडायच्या आत.

ही तासाभराची कागदपत्रं तुला कंटाळवाणी वाटतील. एलएलव्हीएम या कंपायलर बनवायच्या साधनाचा इतिहास आठव. ख्रिस लॅटनर २००० साली इलिनॉय विद्यापीठात विक्रम अडवे यांच्याकडे विद्यार्थी होता, आणि अडवे स्वतः मुंबई आयआयटीचे. विद्यार्थ्याचं ते काम खुल्या परवान्याने बाहेर आलं, २००५ मध्ये पीएचडी संपवून लॅटनर ॲपलमध्ये गेला, तिथेही ते वाढत राहिलं, आणि २०१२ मध्ये एलएलव्हीएमला एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. परवाना नीट नसता तर ते काम विद्यापीठाच्या सर्व्हरवर धूळ खात बसलं असतं. तुझं टूल एलएलव्हीएम होईल असं म्हणत नाही. नाशिकच्या मॅडमना पुढच्या वर्षीही ते वापरता यावं, एवढंच.

बाबांचं कॉलेज. इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण ही बाजू मी अंगावर काढली आहे.

बाबा ज्या नोकरीचं स्वप्न तुझ्यासाठी बघतात ती त्यांची स्वतःची नोकरी आहे: अनुदानित शाळा, सरकारी वेतनश्रेणी, निवृत्तीनंतर पेन्शन. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. खेड्यापाड्यातली हजारो मुलं त्यामुळे इंजिनिअर झाली, हे मान्यच करायला हवं. पण तिथल्या शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून येत नाही, मुलांच्या फीमधून येतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे, अधिक महागाई भत्ता वगैरे. हे कागदावर. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी 'कन्सॉलिडेटेड' नावाचा एक ठोक आकडा असतो, तो मुलाखतीच्या शेवटी, खालच्या आवाजात सांगतात. मी ज्या एका कॉलेजात होते तिथे सात महिने पगार अडकला होता. आम्ही स्टाफरूममध्ये एकमेकांना उसने पैसे द्यायचो आणि नॅकची समिती आली त्या दिवशी सगळ्यांनी नव्या साड्या नेसायच्या असं ठरलं होतं.

शिवाय त्यांना तुझी पीएचडी नेमकी कशाला हवी आहे? इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायला एआयसीटीईच्या नियमाने एम.टेक. पुरतं. साध्या पदवी महाविद्यालयांतही यूजीसीने जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट ही किमान पात्रता धरली, पीएचडी ऐच्छिक केली. मग जाहिरातीत 'पीएचडीला प्राधान्य' का? माझा अनुभव असा, की वर्गासाठी कमी आणि एनबीएच्या, म्हणजे कॉलेजच्या मानांकनाच्या, फायलीसाठी जास्त. फायलीतल्या आकड्यात तू एकने भर घालशील आणि नंतर सीओ-पीओ मॅपिंगच्या, म्हणजे विषयाची उद्दिष्टं पदवीच्या उद्दिष्टांशी जुळवायच्या, एक्सेल शीट भरत बसशील. नियमाप्रमाणे आठवड्याला सोळा तास शिकवायचं, वर ओरल-प्रॅक्टिकल, टर्मवर्क, कॅप सेंटरवरची पेपर तपासणी, आणि जून-जुलैत ॲडमिशनसाठी गावोगाव फिरणं. त्या मुलाच्या शेजारी साडेनऊला बसायला वेळ कुठून काढशील?

सगळी कॉलेजं अशी नाहीत. काही फार मनापासून चालवलेली आहेत, तिथून बाहेर पडलेली मुलं भेटली की दोन वाक्यांत कळतं. म्हणून बाबांना तोडून नाही म्हणू नकोस. एकदा जाऊन बघ. विद्यापीठाचं अप्रूव्हल असलेली जागा आहे का ते विचार. पगार कुठल्या तारखेला होतो हे प्राचार्यांना विचारू नकोस, लॅब असिस्टंटला विचार, चहा पाजून. आणि लॅबमधली यंत्रं चालू करून बघ. समाधान झालं तर मला परत लिही, मी माझं मत बदलेन.

पोस्टडॉकबद्दल थोडक्यात. गाइड चुकीचं सांगत नाहीत, त्यांचा रस्ता तसाच गेला आहे. पण बायको महाराष्ट्राबाहेर नको म्हणते आणि तूही तिला विचारून लिहिलेलं दिसतंय, तर तो विषय गाइडपुढे नम्रपणे मिटव. त्यांना वाटणारी भीती बहुधा ही, की कंपनीत गेलास तर परतीचा रस्ता बंद. तसं नाही. आयआयटींत असिस्टंट प्रोफेसर ग्रेड १ साठी पीएचडीनंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागतात, आणि तो शिकवण्याचा, संशोधनाचा किंवा उद्योगातला असला तरी चालतो. वयाची पसंती बऱ्याच जाहिरातींत ३५ च्या आत असते. तू ३१ चा. हिशेब तुझा तू कर. अट एकच, त्या तीन वर्षांत एखादा पेपर तरी हवा, म्हणून ऑफर घेताना 'पेपर छापायची परवानगी आहे का' हेही विचार.

आणि संशोधन करायचं तर बंगळुरूच, असं तुझ्या वयाची मुलं धरून चालतात. तिकडे मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत हे खरं. पण तुझ्या विषयात पुणे जुनं आहे. टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र तिथे १९८१ पासून आहे, आणि टीसीएसच्या पुण्यातल्या संशोधकांचं व्हेरिॲब्स हे टूल एसव्ही-कॉम्प या प्रोग्रॅम तपासणाऱ्या टूल्सच्या जागतिक स्पर्धेत रीचसेफ्टी गटात पहिलं आलेलं आहे. आत्ताची ऑफर जमली नाही तर दार ठोठवायला शहरात आणखी दारं आहेत. कोल्हापूरहून पुणे बायकोलाही सोयीचं.

कापलेल्या भागात तू विचारलं होतंस, एआय कोड लिहायला लागल्यावर माझ्या विषयाचं काय. अरे, कोड लिहिणारे वाढले, वाचणारे कुठे वाढले? तुझा धंदा वाचण्याचा आहे.

राहिलं 'मधलाच'. तुझ्याच शहरात, तुझ्याच विषयात उदय खेडकर आहेत. मुंबई आयआयटीत डेटा फ्लो ॲनालिसिसवर (प्रोग्रॅममधून माहिती कशी वाहते याचं विश्लेषण) पीएचडी केली, पुणे विद्यापीठात काही वर्षं शिकवलं, मग पवईला परतले. डेटा फ्लो ॲनालिसिसवर सहकाऱ्यांबरोबर पुस्तक लिहिलं, आणि जीसीसीसारख्या अवाढव्य कंपायलरच्या पोटात काय आहे ते मुलांना कळावं म्हणून कार्यशाळा घेतल्या. आता सांग, ते संशोधक, शिक्षक की सॉफ्टवेअरवाले? त्यांना हा प्रश्न पडत असेल असं मला वाटत नाही. आणि पीएचडी करून कंपनीत गेला म्हणजे वाया गेला असं कागलला कुणी म्हणालं, तर त्यांना आनंद देशपांड्यांचं नाव सांग. इंडियाना विद्यापीठातून कॉम्प्युटर सायन्सची पीएचडी करून ते पुण्याला आले आणि १९९० मध्ये पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली.

पुण्यात गेल्यावर शिकवायचं सोडू नकोस. व्हिजिटिंग म्हणून शनिवारी एखादा विषय घे. मानधन पेट्रोलपुरतं मिळेल. पहिल्या सहा महिन्यांत नको, आधी थिसिसची व्हायव्हा होऊ दे.

बाबांना हे उत्तर वाचून दाखवणार असशील तर पगाराचा परिच्छेद तूच वाच, त्यांना वाचायला देऊ नकोस. आणि पातेल्याची गोष्ट त्यांना सांगितलीस का? नसेल तर आधी ती सांग. हायस्कूलचे मास्तर आहेत, त्यांच्याकडे अशी शंभर असतील. तुला इशारे लिहायला दहा लागणार आहेत.

ता. क. नाशिकच्या मॅडमना आज रात्री उत्तर पाठव. 'उशीर झाला, माफ करा' आणि 'दोनशेपैकी पहिले वीस पाठवाल का', एवढ्या दोन ओळी पुरेत. परीक्षेचा हंगाम जवळ आला की त्यांनाही मेल बघायला वेळ मिळणार नाही.